घोंगडीची उलटी बाजू

काचेच्या कपाटात जन्मठेप भोगायला निघालेली आणि थोडक्यात सुटलेली मी एक घोंगडी बोलतेय. अंगभर कापडी बिल्ले, मधोमध डोकं घालायला भोक आणि एका कोपऱ्याला ठिणग्यांनी पाडलेली चाळण. रूपावर जाऊ नका. एके काळी मला अंगात घालून शेकोटीला बसणारा पोरगा स्वतःला सेनापती समजायचा.

माझा जन्म टास्मानियातल्या एका लोकरीच्या गिरणीतला. मला विणली होती फौजेसाठी, पण मी मागावरून उतरेपर्यंत लढाईच संपली. मग ह्यूऑन नदीकाठच्या पायबस कुटुंबाने मला स्वस्तात घेतलं आणि सफरचंदांच्या खोक्यांवर पसरलं. शौर्य गाजवायला निघालेल्या घोंगडीच्या नशिबी फळं राखणं आलं. पण वास मात्र छान यायचा, ते खोटं कशाला बोलू?

पायबसांचा मुलगा डेस गावच्या स्काउट पथकात गेला तेव्हा त्याने मला खोक्यांवरून ओढून काढलं. त्या पथकाची रीतच होती. शेकोटीला ज्याने त्याने आपली घोंगडी घालून बसायचं आणि तिच्यावर आपले बिल्ले मिरवायचे. परीक्षा देऊन मिळवलेले, म्हणजे खऱ्या कमाईचे बिल्ले छातीवर. मेळाव्यांत दुसऱ्या पोरांशी अदलाबदल करून आणलेले पाठीवर. छाती-पाठीची गफलत केली तर पोरं आठवडाभर चिडवायची.

डेसला धाकटी बहीण होती, वॅल. मुलींना त्या पथकात मज्जाव होता. सुई-दोऱ्याला मात्र मज्जाव नव्हता. डेस बिल्ला आणायचा, माझ्या अंगावर भिरकावायचा आणि ओरडायचा, "वॅल, शिवून ठेव गं!" माझ्या अंगावरचा एकूण एक बिल्ला त्या पोरीने शिवला आहे. तिच्या सुईचे टोचे मला अजून आठवतात.

मग स्वयंपाकाच्या बिल्ल्याची परीक्षा आली. बागेतल्या शेडमागे चूल मांडून रस्सा आणि डँपर करायचा होता. डँपर म्हणजे राखेत भाजायची जाडजूड भाकरी, कुठल्याही स्काउटला झोपेतसुद्धा यायला हवी. डेसने चूल पेटवली आणि तेवढ्यात झेंडा कुणी बांधायचा यावरून त्याची पथकातल्याच मर्व्ह टिलयार्डशी जुंपली. दोघं कुस्ती खेळत उतारावरून खाली गेले. रस्सा बुडाला लागायला आला. तेव्हा शेडमधून वॅल आली, रस्सा सावरला, पीठ मळलं, गोळा राखेत पुरला आणि परीक्षक यायच्या आत निघून गेली. परीक्षकांनी डँपर मोडून खाल्ला आणि डेसची पाठ थोपटली. त्याची पाठ तेव्हा कुस्तीतल्या मातीने माखली होती, पण परीक्षकांना ते कष्टाचं लक्षण वाटलं.

तो बिल्ला वॅलने पिवळ्या दोऱ्याने शिवला. बाकी सगळे करड्या दोऱ्याने, हा एकटाच पिवळ्या. वरून काही दिसू नये म्हणून टाके आतल्या बाजूने घेतले, आणि असे घट्ट की बिल्ला माझ्या अंगाचाच झाला. "बघायचंय कुणाला!" असं स्वतःशी पुटपुटली. खरंच कुणी बघितलं नाही. घोंगडी उलटी करून कोण बघतो?

पुढे डेस मोठा झाला आणि मी पेटीत गेले. मधली काही वर्षं मी कुत्र्याखाली काढली, काही मोटारीच्या डिकीत. डेसला माझी आठवण यायची ती फक्त कुणा पोराला उपदेश करायचा असला की. मला पोराच्या नाकासमोर झटकून तो म्हणायचा, "आमच्या वेळी एका काडीत आग पेटवायचो आम्ही! तुम्हाला गाठसुद्धा मारता येत नाही!" एवढं बोलून अंगणात जायचा आणि बटण दाबून गॅसच्या शेगडीवर मांस भाजायला ठेवायचा. बुटांना नाड्या लावणं तर त्याने कधीच सोडलं होतं.

पथकाला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा जुन्या पोरांचा मेळावा ठरला. पोरं म्हणजे काय, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचे दात. पथकाच्या नव्या सभागृहात काचेचं एक कपाट बसवलं होतं आणि त्यात एकाच घोंगडीला जागा होती, खाली मालकाचं नाव. अट एकच. शेकोटीसमोर उभं राहून छातीवरच्या प्रत्येक बिल्ल्याची हकिगत सांगायची.

डेसने त्या कपाटाचा ध्यास घेतला. त्याचंही खरं होतं म्हणा. आजोबांनी लावलेली सफरचंदांची बाग त्याच्या हातून गेली, झाडं उपटून तिथे दुसऱ्या कुणी चेरी लावल्या. गावात पायबस हे नाव आता कुठल्या खोक्यावरही उरलं नव्हतं. निदान काचेवर राहावं, एवढंच त्याला वाटत होतं. मला ब्रशने झाडताना त्याने एकेक बिल्ला अंगठ्याने सपाट केला. मला त्याची दया आली, आणि पिवळ्या दोऱ्याची आठवण होऊन धडकीही भरली.

मेळावा फेब्रुवारीत होता, आणि आमच्या टास्मानियात तेव्हा उन्हाळा असतो. त्या दिवशी पारा असा चढला की सगळीकडे आगबंदी जाहीर झाली. उघड्यावर काडी ओढायचीसुद्धा सोय नाही. समितीचा अध्यक्ष होता मर्व्ह, तोच तो कुस्तीवाला. पण रीत म्हणजे रीत. मर्व्हने लाकडं रचली, मध्ये विजेचा दिवा ठेवला, त्याला लाल कागद गुंडाळला, आणि ज्वाळा हलाव्यात म्हणून शेजारी पंखा लावला. त्या दिव्याभोवती सगळे म्हातारे भर उन्हाळ्यात लोकरीच्या घोंगड्या घालून बसले. दोघातिघांनी तर सवयीने हातही शेकले.

"वॅल, तू जरा चहाचं बघ गं," डेस जाता जाता म्हणाला.

"बघतेच आहे. साठ वर्षं दुसरं काय बघतेय?"

डेस उभा राहिला. घामाने मी चिंब झाले होते. गाठींचा बिल्ला पार पडला, पोहण्याचा पार पडला. मग त्याने पिवळ्या दोऱ्याच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं.

"हा स्वयंपाकाचा. डँपर असा केला होता की परीक्षकांनी बोटं चाटली. पिठात खमीर घातलं, फुगायला ठेवलं..."

"खमीर?" मर्व्ह ओरडला. "डँपरात खमीर? लेका, रानात बेकरी उघडली होतीस की काय?"

सगळे खो खो हसले. डेसचं तोंड उतरलं. "नाही म्हणजे... खमीरच... थोडंसं..."

"चिमूटभर सोडा," चहाच्या टेबलावरून आवाज आला. वॅलच्या तोंडून निघून गेलं होतं.

मर्व्ह तिच्याकडे वळला. "तुला गं काय माहीत?"

"मला काय माहीत असणार? मी तर मुलगी होते. मुलींना मज्जाव होता ना!"

डेस बहिणीकडे बघत राहिला. एकदा त्याची नजर काचेच्या कपाटाकडे गेली, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. मग त्याने मला डोक्यावरून काढलं.

"डँपर वॅलने केला होता," तो म्हणाला. "रस्सासुद्धा. मी उतारावर मर्व्हशी मारामारी करत होतो. बिल्ला तेवढा मी घेतला."

"अरेरे! डेस, मग तू बाद!" मर्व्ह म्हणाला. दुःख झाल्यासारखं तोंड त्याने केलं, पण ते त्याला जमलं नाही. "आता माझ्या घोंगडीची हकिगत—"

"मर्व्ह," वॅलने कप खाली ठेवला. "तुझ्या छातीवर तो शिवणकामाचा बिल्ला आहे ना? तो कुणी शिवला रे?"

मर्व्हने घोंगडी उलटी केली. टाके बघितले. "आईने," तो हळूच म्हणाला.

मग एकेकाने आपापली घोंगडी उलटी करून बघितली. कुणाच्या आईचे टाके, कुणाच्या मावशीचे, कुणाच्या आजीचे. "माझी पक्षीनिरीक्षणाची वही ताईने लिहिली होती," एकजण म्हणाला. म्हातारे एकदम लहान दिसायला लागले. पंख्याच्या वाऱ्यात लाल कागद फडफडत होता.

कपाटात एकही घोंगडी गेली नाही. पण रिकामं कपाट बरं दिसत नाही, म्हणून समितीने त्यात तो दिवा आणि लाल कागद ठेवला. खाली पाटी लावली: पथकाची ऐतिहासिक शेकोटी.

डेस मला घेऊन वॅलच्या दारात गेला. "हा बिल्ला तुझा आहे गं. काढून देतो," म्हणत त्याने चाकू लावला. दोरा तुटेना.

"थांब, थांब! भोक पाडशील. घोंगडीच दे."

अशी मी वॅलकडे आले. तुमच्याही घरात पेटीच्या तळाशी माझी एखादी बहीण असेल, तर एवढं करा. तिला काचेत घालू नका. तिच्यासमोर उपदेश करू नका. फक्त एकदा उलटी करून बघा, आणि टाके घालणारी हयात असली तर तिच्याकडे जाऊन या.

थंडी पडली, आगबंदी उठली. वॅल मला पांघरून चुलीपाशी बसते आणि दर रविवारी डेसकडून पीठ मळून घेते. काल त्याने पहिल्यांदा सगळा डँपर एकट्याने केला. बाहेरून कोळसा, आतून कच्चा. वॅलने तुकडा मोडला, राख झटकली, सावकाश चावून खाल्ला.

"नापास," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मागितला.