माझी घुर्रघुर्र आणि बाबांची कवळी

मित्रांनो, घुर्रर्र! हा माझा नमस्कार. मी एक जुना किमचीचा, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचा फ्रिज आहे. कोरियातल्या ग्वांगजू शहरात, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधोमध मी उभा असतो. मला समोरून दार नाही, वर झाकण आहे; म्हणून माझ्या पोटातलं काही हवं असेल तर माझ्यापुढे वाकावंच लागतं. एवढाच काय तो माझा मान.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. घरच्या आई, नाव त्यांचं ओक-सून, हिवाळ्याच्या तोंडाशी शेजारणींना जमवून कोबीचे डोंगर मिठात मुरवत, लाल मसाल्यात माखत आणि माझ्या पोटात भरताना गात:

कोबीबाई, कोबीबाई, मिठामध्ये न्हा गं,
लाल शालू नेसून माझ्या गारव्याला जा गं.

मी खालून ठेका धरायचो, घुर्रर्र. शेजारणी म्हणत, "काय गुणी फ्रिज आहे हो तुमचा!" पुढे वय झालं, ठेका मोठा झाला आणि घरच्यांना तो ऐकूच येईनासा झाला. सवयीचा आवाज नि सवयीचं माणूस, दोघांची गत एकच.

घरची लेक बोराम औषधांच्या दुकानात कामाला. तिच्या गळ्यात मध होता, पण दिवसभर तोंडी एकच वाक्य, "जेवणानंतर एक गोळी." एकदा तिला कळलं, की अंध मुलांच्या बोलक्या ग्रंथालयाला गोष्टी वाचणारं कुणीतरी हवंय. तिने झोपाळू अस्वलाची गोष्ट घरीच मायक्रोफोनपुढे वाचून पाठवली. तिथल्या बाईंचा फोन आला.

"आवाज गोड आहे हो. पण तुमच्या मागे कोण घोरतंय?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"मी जागा होतो!" बाबा उसळले.

"तुम्ही जागेपणीसुद्धा घोरता," आई म्हणाल्या.

बाबांची रवानगी जिन्यात झाली. घड्याळ गाद्यांखाली दडपलं. खिडक्यांवर रजया टांगल्या. पंखा बंद करून मायलेकी ऑगस्टच्या उकाड्यात शिजल्या. तरी घोरणं आपलं चालूच! शेवटी बोराम हेडफोन लावून, मायक्रोफोन डॉक्टरांच्या नळीसारखा पुढे धरून घरभर फिरली आणि माझ्यापाशी थबकली.

"आई, चोर सापडला!"

माझा प्लग उपटला गेला. पुढचं सगळं मला नंतर भाताच्या कुकरने सांगितलं. वाचन झालं, आनंदात सगळे थंड शेवया खायला गेले आणि तिथूनच मावशीकडे मुक्कामाला. प्लग बिचारा जमिनीवर लोळत राहिला. दुसऱ्या दिवशी आईंनी झाकण उघडलं, तर आत फसफस!

"अगं बाई, माझी किमची! आंबटढाण झाली!"

आठवडाभर घरात किमचीचं कालवणच शिजत होतं. बरं, रेकॉर्डिंग तरी कामी यावं? तेही नाही. अस्वल पाय न वाजवता गुहेत शिरतं, नेमकं तेव्हाच मागे कुर्रम-कुर्रम! बाबा सोफ्यावर बसून भाताची खरपुडी खात होते.

"पण घोरलो नाही ना?" बाबा म्हणाले.

ग्रंथालयाच्या बाईंनी निक्षून सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

बोरामचा चेहरा उतरला. "जाऊ दे आई. प्लग काढला तर तुझी उरलेली किमचीही जाईल. माझा जन्म गोळ्या सांगण्यातच जायचा."

आईंनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गर्रकन वळून म्हणाल्या, "अहो, कवळी काढा."

"आँ? ती कशाला?"

"फ्रिजमध्ये ठेवते. जेवायला दात लागतील, दातांसाठी झाकण उघडाल, झाकण उघडलंत की प्लग आठवेल. आणि तोवर तुमची कुर्रम-कुर्रमही बंद."

"अगं, माझे दात त्या किमचीशेजारी?"

"जन्मभर किमची दातांत गेली, आज दात किमचीत जाऊ देत!"

आणि जमलं की हो! बोरामने अशी गोष्ट वाचली, की म्हणे कुकरही वाफ रोखून ऐकत राहिला. भूक लागताच बाबा धावत आले, झाकण उघडलं, कवळी घेतली, प्लग लावला. पुढे दोन दिवस त्यांना दूधही किमचीतल्या लसणीचं लागत होतं.

फोन आला. "गोष्ट तुमचीच! फक्त एक विनंती. ते पहिलं रेकॉर्डिंग आम्ही मुलांना ऐकवलं होतं. आता विचारतात, घोरणारं अस्वल कुठे गेलं? शेवटी तेवढं घोरणं जोडाल का?"

मायक्रोफोन माझ्यापुढे आला. सगळे श्वास रोखून उभे. आणि मित्रांनो, ज्याला सगळे 'गप्प बस' म्हणत होते, त्याला एकदम 'बोल' म्हटलं; माझी वाचाच बसली! पोट गार, मोटर गप्प.

"घोर की रे बाबा!" बाबा काकुळतीला आले. "माझ्यावरचा आळ तरी धुऊन टाक!"

आईंनी बार्लीच्या चहाची गरम किटली माझ्या पोटात ठेवली. झाकण लावलं, वरून हात फिरवला आणि गुणगुणल्या, "कोबीबाई, कोबीबाई..." कितीतरी दिवसांनी कुणी मला हात लावून गात होतं. आई गप्प झाल्या, पोटात ऊब पोचली, आणि मी... घुर्रर्र!

आता त्या ग्रंथालयात मुलं माझा आवाज आला की एकमेकांना दटावतात म्हणे, "श्श! हळू बोला, अस्वल झोपलंय." सगळं घर मला गप्प करायला निघालं होतं, आता माझ्यासाठी पोरं गप्प बसतात!

तर मित्रांनो, तुमच्या कामापुरतं आम्हा म्हाताऱ्यांना खुशाल गप्प करा. आम्ही रुसत नाही. काम झालं की मात्र प्लग परत लावा. आणि विसरायची भीती वाटत असेल, तर घरात कुणाची कवळी आहे का, तेवढं आधी बघून ठेवा.