डाव्या तळहातावरचा देव

"देव कुठं गेला गं? आत्ता तर व्हता!"

शरणबसप्पा ओरडले, तशी गिरिजाबाई हातातला तांब्या तिथंच ठेवून धावली. पाटावर बसलेल्या नवऱ्याच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग जसंच्या तसं होतं, भस्म लावलेलं, वर बेलाचं पान. आणि ते मात्र उजवीकडची सतरंजी उलथीपालथी करत होते.

"आवं, तुमच्याच हातावर हाय की!"

त्यांनी उजवा हात पाहिला. तो रिकामा होता. मग बायकोचा आवाज कुठून आला ते शोधत ते उजवीकडच्या भिंतीकडं बघत राहिले. गिरिजाबाई त्यांच्या डावीकडं उभी होती.

कुर्डुवाडीच्या वाटेवर बैलगाडी कलंडली आणि शरणबसप्पांचं डोकं उजव्या बाजूनं दगडावर आपटलं, त्याला महिना होत आला. डावा हात तेव्हापासून मांडीवर लुळा पडून असायचा. अंथरुणावर होते तोवर त्यांच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांच्या डोळ्यांना लावून गिरिजाबाई त्यांना जेवायला वाढायची. काल ते पहिल्यांदा स्वतः पूजेला बसले. उजव्या हातानं डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याच्याकडं टक लावून बघायचं, मगच तोंडात घास, हा जन्माचा नेम. काल उजवा हात मागं आला आणि देव नाहीसा झाला. आजही तेच. देव हरवलेल्या माणसाला अन्न कसलं? कालपासून त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. त्यांचे ओठ सुकले होते.

घर तसं महिनाभर स्वप्नात असल्यासारखंच झालं होतं. ताटातला भात उजवीकडून अर्धा संपायचा आणि ते म्हणायचे, अजून वाढ. ताट फिरवलं की उरलेला भात बघून खूश व्हायचे. ती खाटेला वळसा घालून उजवीकडं आली की "कवा आलीस?" म्हणून हसायचे, परत डावीकडं गेली की ती नाहीशी. लग्नात डावीकडं बसवलं तेव्हापासून तिची जागा तीच होती. आता त्या जागेवर बसलं की ती या जगातच नसायची. कधी कधी तिला स्वतःलाच चाचपून बघावंसं वाटायचं.

दुपारी सरकारी दवाखान्यातले कादर डॉक्टर आले. शिक्षण हैदराबादेत झालेलं, बोलण्यात उर्दूची फोडणी. त्यांनी डोळ्यांत बत्ती धरून पाहिली. डोळे चांगले होते. मग त्यांनी खिशातून दोरा काढला आणि शरणबसप्पांसमोर आडवा ताणून धरला.

"शेटजी, दुकानात कापडाचा मध्य चिमटीत धरता ना? तसा याचा बरोबर दरमियान पकडा."

शरणबसप्पा हसले. परंड्याच्या पेठेत त्यांच्यासारखी चिमूट कुणाची नव्हती. गज न लावता धोतरजोडी फाडायचे आणि दोन्ही धोतरं सारखी निघायची. त्यांनी ऐटीत दोरा धरला. डॉक्टरांनी तिथंच दुमडून दाखवला. उजवीकडचा तुकडा वीतभर, डावीकडचा हातभर.

"मधीच हाय," शरणबसप्पा म्हणाले.

गिरिजाबाईनं पदर तोंडाशी धरला. डॉक्टरांनी तिच्याकडून ताटभर चिंचोके मागून घेतले, पसरले आणि सगळे उचलायला सांगितले. शरणबसप्पांनी उजवीकडचे भराभर उचलले, हात झटकला, "झालं" म्हणाले. अर्धं ताट तसंच भरलेलं होतं.

"बाई कुठं आहेत तुमच्या?"

"चुलीपाशी असंल."

ती त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

ओसरीवर येऊन डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "नजर शाबूत आहे, माई. डोक्याच्या मारानं त्यांच्या मनानं डावी बाजू सोडून दिली. तिकडं काही आहे हेच त्यांना उमगत नाही. जे दाखवायचं ते उजवीकडं नेऊन दाखवा. थोडं परतेल. किती, ते अल्लाला माहीत."

"आन तवर उपाशी ठिवू का त्यास्नी?"

दोरा खिशात घालून डॉक्टर ओसरी उतरले.

दिवेलागणीला तिनं पुन्हा पाट मांडला. शरणबसप्पांनी सवयीनं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि पुन्हा कावरेबावरे झाले. ती डावीकडं बसली होती. तिनं तो लुळा हात खालून आपल्या दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश उजवीकडं नेला.

"घावला! देव घावला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग ते थबकले. "पर ह्यो हात कुणाचा?"

तुमचाच म्हणावं तर सकाळी मानलं नव्हतं. आणि परक्याच्या हातावरच्या देवाला ते हात जोडायचे नाहीत. ती नवऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती; ती फार सत्यवादी होती असं नाही, तशी वेळच आली नव्हती.

"माजा हाय," ती म्हणाली.

"तुजा? मग काय अडचण न्हाय."

त्यांनी भस्म लावलं, बेल वाहिला, टक लावून बघत राहिले. देव डबीत गेला. पाणी प्याले. उजवीकडं ठेवलेल्या ताटातला दूधभात त्यांनी पोटभर खाल्ला. पण तो हात काही त्यांनी जाऊ दिला नाही. आपला उजवा हात ते त्याच्यावरून सावकाश फिरवत राहिले.

"लई गार पडलाय गं हात तुजा. राबून राबून." त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून त्याच्यावर पांघरलं. "इतकी वर्सं म्या ह्या हाताकडं कवा बघितलंच न्हाय."

डावीकडं, त्या हाताखाली आपले दोन्ही हात धरून गिरिजाबाई बसून राहिली. हातांना रग लागली होती, तरी त्यांचा डोळा लागेपर्यंत तिनं ते काढले नाहीत.