गोधडीच्या पाटीखाली

ओहायोतल्या त्या आडबाजूच्या काउंटीतला बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा लोकांनी ठरवलं, आपली ओळख आता क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी. आज्या-पणज्यांपासून घरोघरी शिवत आलोय ना, मग झालं तर! धान्याच्या कोठारांवर क्विल्टचे चौकोन रंगवले, पाण्याच्या टाकीवर रंगवले, शाळेच्या टी-शर्टांवर छापले. लायब्ररीत घराघरातली एकेक क्विल्ट टांगायची म्हणून दातांच्या डॉक्टर मंजुषालाही विचारलं. इतकी वर्षं बाईंनी गावाचे दात उपटले, पण आपल्यातली म्हणून कुणी बोलावलं ते पहिल्यांदाच. बाई अशा हरखल्या की आमची आई गोधड्या शिवते, असं सांगून बसल्या.

आई बार्शीहून आलेलीच होती. सगळा उन्हाळा खिडकीशी बसून तिने जुन्या साड्या आणि गेलेल्या नवऱ्याची धोतरं जोडली, धावदोरा घातला. गोधडी पुरी झाली आणि मंजुषाचं तोंड उतरलं. विटके रंग, वाकडे टाके. हे पटकूर चारचौघांत टांगायचं? आईला "मस्त झालीय" म्हणाली, गोधडी गाडीच्या डिकीत कोंबली आणि आयसेलिनच्या भारतीय दुकानातून जयपुरी रजई मागवली. आईची नजर अधू, लांबून तिला काय कळतंय, असा या शहाणीचा हिशेब.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आई ठेवणीतली साडी नेसून आली. पाटीवरची इंग्रजी अक्षरं तिने जुळवून वाचली. गोधडी. खाली स्वतःचं नाव. केवढी खुलली! मग तिने वर पाहिलं. मशीनची शिलाई, गुलाबी हत्ती. तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला. मंजुषाला तोंड कुठे लपवावं कळेना. स्वतःचीच किळस आली तिला.

तेवढ्यात कमिटीची शॅरन पेपरवाल्या फोटोग्राफरला घेऊन आली. हे सगळं हाताने शिवलंय का, आईला विचार ना, म्हणाली. खरं सांगावं तर गावात नाक कापलं जाणार, आणि खोटं बोलायचं ते आईच्या तोंडावर.

'हँड' एवढं आईला समजलं. तिने लेकीकडे एकदा पाहिलं आणि सुया टोचून खरखरीत झालेलं बोट वर केलं.

"येस. माय हँड."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोसाठी आई रजईखाली हसत उभी राहिली आणि लेकीच्या कानाशी हळूच म्हणाली, "बरोबर बोलले ना गं मी?"