भरलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. साधासुधा नव्हे, फिरकीचा. माझ्या गळ्याला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवा करा, उलटा करा, पाणी सांडणार नाही. आणि झाकण काढले की त्याचाच पेला होतो. तुमच्या दप्तरात आता प्लॅस्टिकच्या बाटल्या असतात, म्हणून एवढे समजावून सांगावे लागते.

वैभववाडीच्या बाजारात एका म्हाताऱ्या कासाराने मला घडवले. आटे बसवताना तो मला पुन्हा पुन्हा पाण्याने भरून उलटा धरी. जरा ओघळ आला की परत कानस हातात घेई. दाजी नावाच्या एका शेतकऱ्याने मला लेकीच्या लग्नासाठी घेतले आणि माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव घालून घेतले, ‘आनंदी’. त्या नावासह मी मसुऱ्याला तिच्या सासरी आलो.

आनंदीचा नवरा परशुराम लवकर वारला. मुलगा सुशांत तेव्हा पाळण्यात होता. आनंदी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली. काजूच्या तेलाने तिची बोटे काळी पडली, सोलवटली, पण रोज सकाळी ती मला विहिरीच्या पाण्याने भरायला विसरली नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत भराडी देवीच्या रांगेत उभे राहिले की मागच्यापुढच्या बायका हात पुढे करत. “आनंदीबाय, घोटभर दी गो. तुझ्या तांब्यातला पाणी कसा गोड लागता!” असे म्हणत. तिने कुणाला नाही म्हटले नाही. पितळेला फुगता आले असते तर मी फुगलो असतो.

सुशांत शिकला, कुडाळला नोकरीला लागला. त्याने गाडी घेतली. सून आली, अक्षया. नात झाली, भक्ती. घरात बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. तिथे मी हिरवा पडलो. माझ्या गळ्यात कोळ्याने घर केले. खाली माणसांचे आवाज यायचे आणि मी रिकामा पडून असायचो.

आनंदीबाईंची एकच हौस होती. दर सव्वीस जानेवारीला त्या अंघोळ करून टीव्हीपुढे बसत आणि दिल्लीतले संचलन शेवटपर्यंत बघत. म्हणत, “तो रस्तो एकदा माझ्या पायांनी चलान बघूचो आसा.” सुशांतने ते मनात ठेवले होते. मित्रांनो, हे लक्षात असू द्या. तो वाईट मुलगा नव्हता. भक्तीला मे महिन्याची सुट्टी पडली आणि त्याने चौघांची तिकिटे काढली.

आनंदीबाईंनी मला माळ्यावरून काढले. आमसुलाने आणि राखेने घासून असे लख्ख केले की भक्तीने माझ्यात तोंड बघून दात विचकले.

दिल्लीत उन्हाचा नुसता वणवा पेटला होता. आपल्या किनाऱ्यावर घामाने अंग भिजते. तिथे घाम दिसायच्या आत सुकतो. पहिल्या दिवशी आम्ही कुतुबमिनार बघितला. आनंदीबाई सारख्या पाणी पीत होत्या. मग त्यांना जावेसे वाटले. सुशांत त्यांना घेऊन स्वच्छतागृह शोधत फिरला. तिथे रांग. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी अक्षयाच्या कानात सांगितले, तेव्हा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि पुढच्या ठिकाणाची वेळ टळत चालली होती.

सुशांतचा तोल गेला. चार माणसांत तो मोठ्याने म्हणाला, “आये, दर तासाक तुझा ह्याच! मगे इतक्या पाणी पितंस कित्याक? तुझ्यामुळे सगळ्यांचो दिवस वाया!”

शेजारची दोन माणसे वळून बघायला लागली. आनंदीबाई हसल्या. “बरा बाबा, नाय पिवचंय,” असे म्हणाल्या आणि त्यांनी माझे झाकण फिरवून घट्ट केले. इतके घट्ट त्यांनी मला कधीच केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षयाने मला काठोकाठ भरले. आम्ही लाल किल्ला पाहिला. आनंदीबाई चालत होत्या, मी त्यांच्या हातात होतो आणि माझे पाणी तसूभरही कमी होत नव्हते. भक्ती दोनदा म्हणाली, “आज्ये, पाणी पी गो.” त्यांनी पेला ओठांना लावला. पाणी त्यांच्या मिटलेल्या ओठांपर्यंत गेले आणि तसेच परत आले. मग त्यांनी नातीची नजर चुकवून ते माझ्यातच ओतले. हे फक्त मला कळले. पण मी पितळ. ओरडणार कसा?

किल्ल्यातून निघायला उशीर झाला. संचलनाच्या त्या मोठ्या रस्त्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होते. अक्षया म्हणाली, “आपण सांजचे येवया काय?” पण आनंदीबाईच आधी गाडीतून उतरल्या. त्यांनी चपला काढल्या. सुशांत ओरडला, “पाय भाजतले, आये!” मग त्यांनी हसून त्या पुन्हा घातल्या आणि त्या चालू लागल्या. सुशांत फोनवर त्यांचे चित्रण करत पुढे उलटा चालत होता. त्या चित्रणात त्या फार आनंदी दिसतात. मी त्यांच्या डाव्या हातात आहे.

थोड्या अंतरावर त्यांची पावले वाकडी पडू लागली. अक्षयाला त्या भलत्याच नावाने हाक मारू लागल्या. अक्षयाने हात धरला तर कातडी चुलाण्यासारखी तापलेली आणि कोरडी ठाक. “अहो, आईंका कायतरी होता!” ती किंचाळली. आनंदीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि तशाच कलंडल्या. मी हातातून सुटून रस्त्यावर घरंगळत गेलो. माझे झाकण काही निघाले नाही. कासाराने काम चोख केले होते.

आईस्क्रीमवाल्याने गाडीतला बर्फ आणून त्यांच्या मानेला लावला. आमची भाड्याची गाडी लांब उभी होती, म्हणून कुणी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, “इन्होंने पानी कब पिया था?”

“पाणी आसा ना तिच्याकडे,” सुशांत गडबडून मालवणीतच बोलला आणि भक्तीच्या हातातून त्याने मला घेतले. त्याने झाकण फिरवले. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो.

अक्षया अगदी हळू म्हणाली, “काल तुम्ही त्यांका बोललात. त्याच्यानंतर त्या पाणी प्यायल्याच नाय.”

सुशांत मला धरून भिंतीला टेकला. माझ्यातले पाणी त्याच्या शर्टावर सांडत राहिले.

संध्याकाळकडे आनंदीबाईंनी डोळे उघडले. सुशांत खाटेशी वाकला. त्याला खूप काही बोलायचे होते, पण आधी त्याच बोलल्या, “माझ्यामुळा तुमचो खोळंबो झालो मा रे?”

“नाय गो आये,” तो म्हणाला. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दिवे लागायच्या वेळी त्या गेल्या.

अग्नी दिल्लीतच द्यावा लागला. परतताना आगगाडीत आमच्या चार जागा होत्या. चौथ्या जागेवर भक्तीने मला ठेवले होते. सुशांत सबंध वाटेत खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आल्यावर कितीतरी महिने त्याला माझ्याकडे बघवत नव्हते. तो कुणाला काही सांगत नसे, आणि अक्षयानेही त्याला पुन्हा कधी काही ऐकवले नाही. ऐकवण्यासारखे उरले काय होते?

महाशिवरात्रीला वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना कुणकेश्वराच्या जत्रेला जायचे होते. गाडी न्यायला कुणी तयार होईना. सुशांत म्हणाला, “मी नेतंय.” त्याने मला स्वतः घासले, भरले आणि पुढच्या जागेवर ठेवले. अर्ध्या वाटेत एका पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाला, “माका जावचा आसा. माझ्यासाठी जरा थांबूया. कोणाक घाय नाय मा?”

“माका पण!” मागे बसलेल्या राधाबाई लगेच म्हणाल्या. त्यांच्यामागून दोघीजणी घाईघाईने दार उघडून उतरल्या. सुशांतला जायचे नव्हते. तो गाडीपाशीच उभा राहिला. सगळ्या परत आल्यावर त्याने माझे झाकण काढले, प्रत्येकीला पेला भरून दिला आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत समोरून हलला नाही.

मित्रांनो, मला घासा, माळ्यावर टाकू नका, अशी विनवणी करावी म्हणून मी बोलायला बसलो नाही. माझे काय, मी धातू आहे. पण थोरामोठ्यांना घेऊन फिरायला निघाल तेव्हा ‘तुला जायचंय का?’ असे चारचौघांत विचारू नका. ती ‘नाही’च म्हणतील. आधी तुम्ही गाडी थांबवा, आधी तुम्ही उतरा. आणि त्यांच्या हातातला तांब्या दुपारपर्यंत भरलेलाच दिसला, तर तो जड लागत असेल म्हणून नुसता उचलून घेऊ नका. त्यांच्यापाशी बसा.