कॅप्टन कुठे गेला?

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर निळ्या झग्यातली एक तरुणी पंख्याआडून हसते. माझ्या पोटात दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले उमराव नाचतात, रुसतात आणि शेवटी लग्न करतात. मित्रांनो, मला थोर पुस्तक कोणी म्हटलेलं नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती.

छापखान्यातून मी हजारो भावंडांबरोबर बाहेर पडले. कुणीतरी मला विमानतळावर घेतलं, अर्धं वाचलं आणि डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या एका चॅरिटी शॉपला, दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, देऊन टाकलं. तिथे मी दोन हिवाळे कपबशांशेजारी उभी होते. २०१६च्या मे महिन्यात पद्मिनीबाईंनी मला उचललं.

पद्मिनीबाई मिरजेहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. लेक नीलिमा इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर होती. तिच्या घरात भिंतभर पुस्तकं होती, सगळी गंभीर.

"अगं, असलं काय वाचतेस? मी देते तुला काहीतरी चांगलं."

"चांगलं तूच वाच. मला ही मुलगी आवडली," पद्मिनीबाई म्हणाल्या.

नीलिमा कामावर गेली की त्या शब्दकोश घेऊन खिडकीशी बसत. इतक्या मन लावून मला कोणी वाचलं नव्हतं. माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीने एक तक्ता काढला, घरात लग्न जमवताना काढतात तसा. मधोमध माझी नायिका हॅरिएट. डावीकडे कॅप्टन पेनरिज, उजवीकडे लॉर्ड थॉर्नमियर. कॅप्टनपुढे बरोबरची खूण, लॉर्डपुढे शेरा: 'गर्विष्ठ.'

मित्रांनो, ते दोघे एकच होते. थोरला भाऊ वारल्यावर कॅप्टनला घराण्याचा किताब मिळतो आणि पुढे सगळे त्याला किताबानेच हाक मारतात. उमरावांची ती रीतच आहे. मला ते सांगता येत नव्हतं.

जुलैत नीलिमाकडे मंडळी जेवायला आली. श्रीखंड वाढता वाढता पद्मिनीबाईंनी विचारलं, "हा कॅप्टन कुठे गेला गं? साठ पानं झाली, पत्ता नाही."

नीलिमाने माझी चार पानं चाळली, मागचा तक्ता पाहिला आणि हसत सुटली. तो सगळ्यांना दाखवत म्हणाली, "आईने एकाच माणसाची दोन स्थळं केली!"

"ग्रँड, काकू!" तिचा मित्र उपेंद्र म्हणाला. "एकाला नकार दिला तरी दुसरा हाताशी!"

पद्मिनीबाईही हसल्या. "आमच्याकडे बायकांची नावं बदलतात. इथे पुरुषांचीही बदलतात, मला काय माहीत?"

मग त्यांनी माझ्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं आणि मला कपाटात चादरींखाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी मला एकदाच बाहेर काढलं, परत जायच्या आदल्या दिवशी. तक्त्याखाली काहीतरी लिहिलं आणि पुन्हा आत ठेवलं. त्या हसण्याला मी कारण झाले होते. अंधारात मला तेवढंच आठवत राही.

२०१९च्या जानेवारीत नीलिमा चादरींच्या घड्या घालत होती. फोन स्पीकरवर होता.

"नीलू, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलंय. माझं ते पुस्तक फोनवर वाचून दाखवशील? शेवटच राहिलाय."

"शेवटी लग्न होतं, आई. दुसरं काय? बरं, रविवारी वाचते."

त्या रविवारी तिची ड्यूटी लागली. पुढच्या रविवारी तिची मुलगी इरावती सात वर्षांची झाली, घर पाहुण्यांनी भरलं. "असू दे गं, सवडीने वाच," पद्मिनीबाई म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी नीलिमा दमून झोपली होती.

फेब्रुवारीत पद्मिनीबाई गेल्या.

मिरजेहून परतल्यावर नीलिमाने मला बाहेर काढलं. शेवटच्या कोऱ्या पानावर दोन्ही नावं आता एका रेघेने जोडलेली होती. खाली लिहिलं होतं: 'दोघे एकच. नीलू म्हणते ते बरोबर. तरी कॅप्टन बरा होता. लॉर्ड झाल्यावर तो तसाच राहतो का, नीलूला विचारणे.'

ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिकिटाच्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. इरावती येऊन तिला टेकली. शेवटच्या पानावर लॉर्ड थॉर्नमियर मागणी घालतो, तेव्हा हॅरिएट म्हणते, "लॉर्डसाहेबांना माझा नकार आहे. पण बाहेर कॅप्टन पेनरिज थांबले असतील, तर त्यांना आत पाठवा." तो बाहेर जातो, दार लावतो आणि कॅप्टन होऊन परत येतो.

"सो आजी वॉज राइट?" इरावतीने विचारलं.

"हो," नीलिमा म्हणाली. "मी हे वाचलंच नव्हतं."

मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, आम्हाला ओल लागू देऊ नका, हे तर आहेच. पण पुस्तकं पुष्कळ दिवस थांबू शकतात. वाचून दाखव म्हणणारं माणूस थांबेलच असं नाही. त्याच्यासाठी रविवारची वाट पाहू नका.

आता मी त्या गंभीर पुस्तकांच्या रांगेत उभी असते. नीलिमाने मला शेवटपर्यंत वाचलं, पण बसचं तिकीट हलवलं नाही. ते अजून एकशे एक्याण्णवाव्या पानावर आहे.