जाबेझ लोहाराची एकोणीस एकर

"फार जोर लावतेस," आतल्या खोलीतून जाबेझ ओरडला आणि खोकायला लागला. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाला, "लोखंडाशी भांडू नको गं. तापलंय तोवर चार घाव, की परत भट्टीत."

"तुम्ही गप पडून राहा हो," डॉर्कस म्हणाली. "ऐरणीपाशी कोण आहे, तुम्ही की मी?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे कोण आहे ते."

ठाऊक होतंच. कोल्डवेल म्हणजे समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी जंगल तोडून वसवलेली चाळीस घरं. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळायचं, मग घाव कोण घालतंय ते कळायला कितीसा वेळ? पण वसंत आला होता, नांगरणी तोंडावर होती आणि फाळ हवे होते. गरज असली की माणसाचे कान सोयीने बहिरे होतात.

जाबेझ हॉकिनने इंग्लंडात वीस वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर हातोडा मारला. स्वतःच्या नावाची चिमूटभर मातीही त्याच्यापाशी नव्हती. कोल्डवेलला लोहार हवा होता. पंचांनी सांगितलं, भट्टी देतो, घर देतो, एकोणीस एकर देतो. सात वर्षं गावाचं काम कर, मग सगळं तुझ्या नावावर. मध्येच गाव सोडलंस, मेलास किंवा भट्टी आठवडाभर थंड राहिली, तर सगळं परत गावाचं. ज्या रानातल्या लोकांची ही जमीन होती, त्यांना असलं काही विचारायची गरज गावाला कधी पडली नव्हती, अटी फक्त लोहाराला. तरी जाबेझ बायको डॉर्कस आणि पोरीला घेऊन हरखून निघाला. येताना त्यांची एकुलती एक पोर जहाजावरच तापाने गेली. तिला समुद्रात सोडताना तो डॉर्कसला म्हणाला होता, "जमीन मिळेल तेव्हा निदान आपल्याला तरी पुरायला जागा असेल."

सात वर्षं पुरी व्हायला सात आठवडे उरले तेव्हा त्याने अंथरूण धरलं. त्या दिवसापासून हातोडा डॉर्कसच्या हातात आला.

दारात सावली पडली. पंच सायलस ब्रॅडिश आपल्या धान्यघराची बिजागरी न्यायला आला होता.

"जाबेझ कुठाय?"

"जरा पडलेत. दमलेत."

सायलसने तिच्या काजळलेल्या हातांकडे पाहिलं, कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. मग बिजागरी उघडझाप करून पाहिली. कुरकुर नाही की अडकणं नाही.

"काम चोख आहे," तो म्हणाला. "कुणाच्या का हातचं असेना. फाळ तेवढे वेळेवर दे बाई."

तो गेल्यावर डॉर्कस आत धावली. "ऐकलंत ना? समजून घेतलं त्यांनी. देवमाणूस आहे."

"देवमाणूस!" जाबेझ हसला. "अगं, त्याला बिजागरी हवी होती."

तिला राग आला. हा माणूस मरणाच्या दारातही कुणाचं चांगलं बोलणार नाही म्हणून ती चार शब्द बोललीही. पुढे त्या चार शब्दांचं तिला फार वाईट वाटलं.

सोमवारी गावसभा होती आणि त्याच दिवशी मुदत भरत होती. जाबेझ शनिवारी दुपारी गेला. पाणी मागितलं, ती घेऊन येईतो मान कलली होती. दोन दिवस! माणसाने सात वर्षं ऐरणीवर हाडं झिजवावी आणि मरणाने दोन दिवस थांबू नये, याला काय म्हणायचं?

शेजारच्या प्रूडन्सकाकूने डोळे पुसले आणि आधी दाराला कडी घातली.

"कुणाला बोलू नकोस," ती कुजबुजली. "हवा गार आहे, दोन दिवस निघतील. उद्या प्रार्थनेला गेलीस की सांग, आजारी आहे. सोमवारी गावाच्या वहीत नाव चढू दे, मग हवं तेवढं रड."

"काकू, देवाच्या घरात खोटं बोलू?"

"देवाला काय एकोणीस एकर हवीत?"

काकू गेली. डॉर्कसला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगायला पाऊल उचलत नव्हतं. नुसतं बसवेना. शेवटी वाटलं, काही झालं तरी पुरायला पेटी लागणारच, पेटीला खिळे लागणार आणि गावात खिळे होतात ते याच भट्टीवर. त्याच्या पेटीचे खिळे दुसरं कोण करणार? तिने भाता ओढला.

एक खिळा झाला, दुसरा झाला. पाचवा वाकडा झाला तेव्हा ती सवयीने थांबली. आतून कुणी ओरडलं नाही. मग मात्र तिला रडू फुटलं आणि रडतच ती घाव घालत राहिली. सूर्य टेकडीमागे गेला ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

या लोकांचा पवित्र रविवार शनिवारचा सूर्य बुडाला की लागतो. त्यानंतर चुलीसाठी लाकूड फोडणंही पाप. सगळं गाव चिडीचूप आणि लोहाराच्या घरून ठण् ठण् घाव! सात आठवडे बहिरे झालेले कान एकदम उघडले. सायलस आणखी दोघा पंचांना घेऊनच आला.

"रविवार लागला, बाई! जाबेझला वेड लागलंय का? बाहेर बोलाव त्याला."

डॉर्कसने हातोडा खाली ठेवला. अजूनही एक वाक्य पुरलं असतं. हो, त्यांनीच घाव घातले, आता झोपलेत. पाप त्याच्या माथी गेलं असतं, जमीन राहिली असती. तिने तोंड उघडलं, पण आयुष्यात ज्याने एकही रविवार मोडला नाही, त्याच्यावर मेल्यावर हे घालायचं तिच्या जिवावर आलं.

"ते गेले," ती म्हणाली. "दुपारीच. हे खिळे त्यांच्याच पेटीचे आहेत."

सायलसने टोपी काढली. आत जाऊन पाहून आला. मग सोबतच्या एका पंचाला हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे दोन दिवस कमी."

रविवार उलटल्यावर सोमवारी सकाळी जाबेझला पुरलं, त्यांच्या रीतीप्रमाणे मूकपणे, ना प्रार्थना ना भजन. दुपारी गावसभा भरली. वही कारकुनाने वाचून दाखवली: "लोहार मुदतीआधी मरण पावला. घर, भट्टी व एकोणीस एकर गावाकडे परत. विधवेने पवित्र दिवस मोडला, त्याची शिक्षा गावाने दया करून माफ केली आहे."

"आणि नवा लोहार सुगीत येईल," सायलस गोड आवाजात म्हणाला. "तोवर तू राहा त्या घरात. कुणी हाकलत नाही. अकरा फाळ राहिलेत तेवढे करून दे. तुझा हात चांगला आहे."

"माझा हात चांगला आहे हे आज आठवलं?" डॉर्कस म्हणाली. प्रूडन्सकाकू मांडीवरच्या हातांकडे बघत बसली.

"वहीत त्यांचं नाव कुठाय?" डॉर्कसने विचारलं.

"नाव?" कारकून गोंधळला. "लोहार असं लिहिलंय की. जमीन नावावर झालीच नाही, मग नावाचं काय काम?"

"नाव लिहा. नाहीतर अकरा फाळ तुमच्या दातांनी करा."

सभेत कुजबुज झाली. एकाने खाकरून म्हटलं, "लिही रे, तुझी शाई काय आटते त्यात?" कारकुनाने सायलसकडे पाहिलं. सायलसने मान डोलावली. लेखणी थोडा वेळ कुरकुरली.

डॉर्कस टेबलापाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठाय? बोट ठेवून दाखवा."

कारकुनाने बोट ठेवलं. ती वाकली आणि ओल्या शाईच्या त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," कारकून म्हणाला.