मागच्या दाराजवळची खुर्ची

मी एक जुनी लाकडी घडीची खुर्ची आहे, आणि दर शुक्रवारी सकाळी माझ्यावर केस कापले जातात. रियाधच्या अल मलाझ भागात एका जुन्या इमारतीत कंत्राटी कामगारांचा कॅम्प आहे. पहाटेची फजरची नमाज झाली, चहाचं पातेलं रिकामं झालं, की शौकत सुतार मला अंगणात आणून उघडतो. भिंतीच्या सावलीत माझे चारही पाय नीट टेकले आहेत का, ते दाबून पाहतो. मग केरू प्लंबर जुनी चादर झटकतो, बसणाऱ्याच्या गळ्याभोवती गुंडाळतो आणि मागे कपडे वाळवायचा चिमटा लावतो.

"शौकतभाई, मान खाली. नाहीतर कान खाली येईल."

"कान गेला तरी चालेल, भांग तेवढा सांभाळ. मागल्या वेळी शबनमनं व्हिडिओवर बघून विचारलं, हा कोण बसलाय तुमच्या जागेवर?"

"वहिनींना म्हणावं, एवढ्याशा केसांत भांग पाडतो हीच माझी कारागिरी."

मित्रांनो, चादरीखाली बसलेला माणूस मोकळं बोलतो. माझ्यावर जे बोललं जाईल ते आवाराबाहेर न्यायचं नाही, असा या कॅम्पचा न ठरवलेला नियम आहे. म्हणूनच त्या शुक्रवारी कात्री थांबवून केरू हळूच म्हणाला, "भाई, इन्स्पेक्टरला मीच सांगितलं. दाराचं."

शौकतची पाठ माझ्या पाठीला घट्ट टेकली. तो एवढंच म्हणाला, "काप. पोरं खोळंबलीत."

गेल्या महिन्यात या इमारतीत आग लागली होती. एसीच्या वायरीनं पेट घेतला आणि धूर जिन्यात भरला. मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दाराला बाहेरून कुलूप होतं, कारण माणसं गेटवर नोंद न करता ये-जा करतात अशी कंपनीची तक्रार होती. पुढच्या दारानं सगळे बाहेर पडले. खमीस मुशैतच्या साइटवरून नुकताच बदलून आलेला सुफियान मात्र बाहेर आला नाही. तो मागच्या दाराशी मरून पडलेला सापडला. दार उघडंच होतं, असं कंपनीनं सांगितलं. ते बंद होतं, असं कोणीतरी इन्स्पेक्टरला सांगितलं. त्यानंतरही त्या दाराला नवं कुलूप लागलं, आणि त्या 'कोणीतरी'चा शोध सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मला उचलून ऑफिसात नेलं. मला टेबलासमोर उघडलं तेव्हाच मी ती मांडणी ओळखली.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका लहान गावातला. मेपल लाकडाच्या माझ्यासारख्या अनेक खुर्च्या तिथल्या सभागृहासाठी घडल्या. दुसरं महायुद्ध नुकतंच जिंकलं होतं. परतलेल्या सैनिकांचे सत्कार, निवडणुकीच्या सभा, शाळेच्या खर्चावरची भांडणं, सगळं मी पाहिलं. माणसं उठून तावातावानं बोलत आणि शेवटी एकाच किटलीतली कॉफी पीत. मग काही वर्षांतच त्या देशाला कम्युनिस्टांची, आणि म्हणून शेजाऱ्याचीच भीती वाटू लागली. शिक्षकांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या जाऊ लागल्या. कोण कुठल्या सभेला गेलं होतं, कुणाच्या घरी कुठलं मासिक येतं, याची चौकशी करायला एक समिती आमच्या सभागृहात आली. माझ्या सोबतिणी भिंतीशी रचून ठेवल्या आणि मला एकटीला टेबलासमोर मांडलं.

आधी गाण्याचे मास्तर बसले. ते पुढच्या कडेवर इतके सरकले होते, की माझे मागचे पाय अधांतरी होत होते. त्यांनी नावं सांगितली. त्यात डोरोथी क्लेन या शिक्षिकेचं नाव होतं. मग त्या आल्या. "मी काय केलं ते विचारा," त्या म्हणाल्या, "तासभर सांगेन. दुसऱ्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." त्यांची नोकरी गेली. पुढे त्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतात, असं झाडूवाला म्हणायचा. मास्तरांची नोकरी राहिली. पण सभागृहात गाणी होत तेव्हा ते मागच्या रांगेत ओठ मिटून बसत.

पुढे तेलाच्या कामासाठी निघालेल्या एका कुटुंबाच्या सामानातून मी या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर आले. मालक बदलले, वॉर्निश उडालं, आणि शेवटी हराजच्या, म्हणजे जुन्या सामानाच्या, बाजारात रत्नागिरीच्या शौकतनं मला मोडक्या कपाटांतून बाहेर काढलं. "लाकूड बघ केरू," तो म्हणाला होता, "हिला फक्त विचारपूस हवीय." किती दिवसांनी कोणी माझं कौतुक केलं होतं!

आता त्याच शौकतचं वजन त्या टेबलासमोर माझ्यावर आलं. पलीकडे स्वानंद होता, कॅम्पचा व्यवस्थापक, पुण्याचा. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"चहा घेणार, शौकतभाई?"

"झालाय, साहेब."

"केस कापताना सगळे बोलतात, हे मला माहीत आहे. एक नाव सांगा, खलास. तुमची इथं राहायची मुदत संपतेय, इकामा लगेच नवा करून देतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

स्वानंदनं हातातलं पेन खाली ठेवलं. "वर कोणाचं तरी नाव द्यावंच लागणार आहे. नाही दिलं तर माझं जाईल. माझी मुलगी इथं शाळेत आहे हो."

केरूची मुलगी स्वप्नाली तिकडे गावी त्याच्या पगारावर नर्सिंग शिकत होती. शौकतला ते ठाऊक होतं, मलाही. तो पुढच्या कडेवर सरकला. माझे मागचे पाय उचलले गेले आणि मला मास्तर आठवले.

मग तो पुन्हा मागे टेकला.

"दार बंद होतं का ते मला विचारा, साहेब. बंद होतं. त्याची कडी मीच बसवली, तुम्ही सांगितलंत म्हणून. एवढंच माझ्याकडे आहे."

"हे मला वर सांगता येणार नाही."

"मग नका सांगू. नाव माझं द्या." तो उठला. "खुर्ची नेतो. पाय सैल झालाय हिचा."

माझे पाय सैल नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या नेहमी सांगतात. मीही सांगते. पण खुर्ची जपताना एवढंही पाहा, की तिच्यावर कोणाला आणि कशासाठी बसवलं जात आहे. आम्हाला उठून जाता येत नाही. तुम्हाला येतं.

दुपारच्या उन्हात आवार सुनं होतं. शौकतनं मला मागच्या दारापाशी उघडलं, माझ्यावर उभा राहिला आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू काढू लागला. मग मधली, मग खालची, शेवटी त्यानंच बसवलेल्या कडीचे आतले नट. कुलूप बाहेर तसंच लटकत राहिलं, दार मात्र आत त्याच्या खांद्यावर आलं. ते त्यानं आडवं घातलं आणि करवतीनं त्याच्या फळ्या केल्या.

करवतीचा आवाज ऐकून केरू धावत आला. "भाई, हे काय करताय?"

"दार दुरुस्त करतोय."

केरू बघत उभा राहिला. मग त्यानं फळीचं दुसरं टोक धरलं.

काम संपल्यावर शौकतनं माझ्यावरचा भुसा हातानं पुसला, मला त्या रिकाम्या चौकटीत ठेवलं आणि गावी परतायची आपली बॅग भरायला आत गेला.